फळीआडचा पाय

"काका, खुर्ची मागे घ्या जरा," म्हणत सुताराने पहार घातली आणि कमरेएवढी लाकडी फळी कटकन निघून आली. प्रूफवाल्यांनी वैतागून मान वर केली. छापखाना विकला गेला होता, जागा आठवड्यात रिकामी करायची होती. पण हातातलं शेवटचं प्रूफ तपासून झाल्याशिवाय ते थोडेच उठणार! अडतीस वर्षं ह्याच खुर्चीत बसून त्यांनी लोकांच्या चुका काढल्या होत्या. "ह्यांच्या नजरेतून अनुस्वारही सुटत नाही," असं मालक चारचौघांत सांगायचे, आणि प्रूफवाले न ऐकल्यासारखं करून तिथेच घुटमळायचे.

समोर कागद कापायचं मशीन होतं. रोजचंच. आज मात्र त्याचा खालचा भागही दिसत होता, आणि तिथलं पातं पाडायचं पेडल त्यांना भलतंच परकं वाटलं.

"हे इथून असं दिसतं?"

"आता दिसतंय. आतापर्यंत फळी होती ना मधे."

"कधीपासून?"

"मला काय विचारता? बसता तुम्ही इथे," सुतार हसला. "पण खिळे बघा, माझ्या बापाच्या वयाचे असतील."

प्रूफवाल्यांनी वाकून खिळ्यांच्या गंजावरून बोट फिरवलं.

अकरा वर्षांपूर्वी ह्या मशीनचं पातं बाइंडिंगच्या बाईच्या हातावर पडलं आणि तिची तीन बोटं गेली. मशीनवर भाऊजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. प्रूफवाल्यांनीच त्यांना इथे चिकटवलं होतं. भाऊजी शपथेवर सांगत होते, "माझा पाय जमिनीवर होता. पातं आपोआप पडलं. मशीन बिघडलंय म्हणून मी मालकांच्या दोनदा कानावर घातलं होतं." चौकशीच्या साहेबांनी विचारलं, कोणी पाहिलं? बाकीच्यांनी खांदे उडवले. प्रूफवाल्यांना खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत! त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना सगळं लख्ख दिसलं. भाऊजींची तुटक्या अंगठ्याची चप्पल, पेडल, त्यावर दाबलेला पाय. तसंच सांगितलं. तुटका अंगठा ऐकून तर साहेबांची खात्रीच पटली. मालक सुटले, भाऊजींची नोकरी गेली, आणि पुढे गावातल्या एकाही छापखान्याने त्यांना उभं केलं नाही.

"हे खोटं बोलत नाहीत," ताईने दारातच सुनावलं होतं. "परत ह्या घरात पाऊल टाकू नकोस." आई गेली तेव्हाही ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली, भावाशी अवाक्षर बोलली नाही. हे दुःख प्रूफवाल्यांनी खरेपणाची किंमत म्हणून सोसलं. थोडं मिरवलंही.

आता ते मशीनकडे बघत राहिले. खुर्चीतून मशीन बाजूने दिसत होतं. त्यांना आठवत होतं ते पेडल मात्र समोरून पाहिलेलं होतं, पाणी प्यायला जाताना दिसायचं तसं. रोज दिसायचं ते, आणि ती चप्पलही. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांनी फक्त भाऊजींचा खांदा आणि बाईचा हात पाहिला होता. बाकीचं त्यांच्या डोक्याने पदरचं घातलं होतं, आणि अकरा वर्षं पाहिलेलं म्हणून दाखवलं होतं. शेवटचं प्रूफ अर्धवट टाकून ते तडक ताईच्या घरी गेले.

"काय काम आहे?" ताईने दार अर्धंच उघडलं.

"भाऊजींची माफी मागायचीय."

ती बाजूला झाली. भाऊजी जमिनीवर बसून कागदी पाकिटं चिकटवत होते. प्रूफवाल्यांनी घडाघडा सगळं सांगितलं, एका पाकिटावर खुर्ची, फळी, मशीन काढून दाखवलं. ताईचे डोळे भरून आले.

"अहो, ऐकलंत ना? मी घसा फोडून हेच सांगत होते सगळ्यांना!"

भाऊजींनी पाकीट बाजूला ठेवलं. "तुम्ही बरोबरच पाहिलं होतं."

"अहो भाऊजी, दिसणं शक्यच नव्हतं मला!"

"तुम्हाला नसेल. मला दिसतं." भाऊजींनी गुडघ्यावर हात टेकून पाय पुढे केला आणि चवडा उचलून हळूच फरशीवर दाबला. "असं. तीच चप्पल, अंगठा तुटलेली. आधी नव्हतं दिसत. पण चौकशीत तेच ऐकलं, बाजारात तेच ऐकलं, नोकरी मागायला गेलो तिथेही तेच. मग एक दिवस दिसायला लागलं. आता रोज दिसतं. मीच दाबलं पेडल."

प्रूफवाले ताईकडे वळले. "ताई, हे खरं नाही गं! माझीच चूक ह्यांच्या डोक्यात जाऊन बसलीय. ती चप्पल माझ्या साक्षीतली आहे, ह्यांच्या आठवणीतली नाही!"

ताई त्यांचं ऐकतच नव्हती. "मला कधी बोलला नाहीत ते?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडत होतीस. सख्ख्या भावाशीसुद्धा. कोणत्या तोंडाने सांगणार?"

ताई पदराने तोंड पुसून भावाकडे वळली. "हात धुऊन घे. जेवून जा."

"ताई, आधी माझं ऐक..."

"पुरे. तेव्हा तू खरं तेच बोलला होतास, मीच तुला दार बंद केलं. किती वर्षांनी आलायस. बस."

हे शब्द ऐकायला प्रूफवाले अकरा वर्षं आसुसले होते. भाऊजींकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. ताईने एकच ताट आणलं. भाऊजींनी पाकिटांचा ढीग आपल्याकडे ओढून ताटाला जागा करून दिली, आणि प्रूफवाले जेवायला बसले.