पुढे अडकलेली सीट

"डॅड, या गाडीत ड्रायव्हरच्या जागी मॉम कधी बसली आहे का?"

प्रश्न माझा नव्हता. टेगन आणि हॅटी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती की हे विचारायची माझी छाती होणार नाही, आणि झालीच तर आठवडाभर माझ्या चिप्स त्यांच्या खर्चाने. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी देतानाही आधी घसा खाकरायचे. यंदा शाळेच्या नाटकात मला राजाचं काम मिळालं, मी भर रंगमंचावर दोन मंत्र्यांना हाकलून दिलं आणि तेव्हापासून माझी भीड चेपली ती चेपलीच. म्हणून शनिवारी सकाळी गॅरेजच्या दारात उभी राहून मी विचारून टाकलं.

डॅडचं डोकं गाडीत होतं आणि उरलेला डॅड बाहेर.

"सीटच नाहीत बाळा, बसणार कोण आणि कुठे?"

"तू बसतोस की. दुधाच्या क्रेटवर."

"क्रेटवर बसून गाडी चालवायला कसब लागतं."

"आणि मॉमला ते नाही?"

"तुझी मॉम क्लचवर फार जोर देते."

माझी मॉम रोज ब्रॉम्सग्रोव्हहून बर्मिंगहॅमला दुमजली बस नेते. त्यात बाबागाड्या असतात, कालची दारू न उतरलेली माणसं असतात आणि आमची अर्धी शाळा असते. क्लचबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

गाडी म्हणजे लाल एमजी, दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार, डॅडपेक्षा वयाने मोठी. मी जन्मले त्या वर्षी त्याने ती आणली आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी केली. मी पहिला शब्द कोणता बोलले ते घरात कोणालाच आठवत नाही, पण गाडीला पहिला रंग कधी लागला ते डॅडला वारासकट आठवतं.

आणि येत्या शुक्रवारी आमचा प्रॉम होता. शाळेचा शेवटचा नाच. प्रॉमला तुम्ही काय घालता याला फारसं महत्त्व नसतं, कशातून उतरता याला असतं. हॅटी आजोबांच्या ट्रॅक्टरवरून येणार होती, टेगन आइस्क्रीमच्या गाडीतून. मी लाल एमजी सांगून बसले होते. बारमाही चेष्टा व्हायची नसेल तर मला लाल एमजीतून उतरणं भाग होतं, आणि लाल एमजीत बसायला काहीच नव्हतं.

तसं अगदीच काही नव्हतं असं नाही. सीट तयार होत्या. काळं कातडं, कडेने लाल गोट. सगळं मॉमने शिवलं होतं, जेवणाच्या टेबलावर, हिवाळाभर. ख्रिसमसची टर्की आम्ही ताटं मांडीवर घेऊन खाल्ली. कातडं ताणून बसवताना मऊ व्हावं म्हणून तिने माझा हेअर ड्रायर वापरला, तो अजूनही ओल्या बुटासारखा वास मारतो.

दहाच्या सुमाराला ऑब्री आले. ऑब्री शेजारी राहतात आणि जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष आहेत. दर रविवारी त्यांच्या क्लबची माणसं आपापल्या गाड्या घेऊन एखाद्या पबच्या आवारात जमतात, बॉनेट उघडतात आणि एकमेकांच्या स्क्रूंना नावं ठेवतात.

"सगळं मूळचं आहे ना, गॅरेथ?" ऑब्रींनी दारातूनच विचारलं.

"शेवटच्या बोल्टपर्यंत," डॅड म्हणाला.

मग दोघांनी चहा घेतला. मग सीट उचलल्या, आणि पुन्हा चहा घेतला.

काम दिसायला सोपं. सीटखाली दोन रूळ असतात, ते गाडीच्या तळाला बोल्टने आवळायचे. सीट मागे सरकवली की पुढचे बोल्ट हाताला लागतात, पुढे सरकवली की मागचे. डावी सीट बसली. ती जिथे बसली तिथेच रुतली, पण तिच्यावर मी बसणार होते आणि मला कुठे सरकायचं नव्हतं. मग ड्रायव्हरची. पुढचे बोल्ट आवळले, सीट ढकलत पुढे नेली, मागचे आवळले. डॅडने सीट मागे घ्यायला दांडी ओढली.

सीट हलली नाही.

ऑब्रींनी ढकललं. मीही पाय लावला. नवा जाड गालिचा रुळांखाली दबून वर फुगला होता आणि रूळ त्यात घट्ट धरले गेले होते. डॅड तसाच आत शिरला. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत आले. चुकीची उघडलेली घडीची खुर्ची असते ना, तसा दिसत होता.

"असं चालवता येईल," डॅड म्हणाला.

"डावीकडे वळता येईल का?" मी विचारलं.

त्याने स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "उजवीकडे येईल."

"शाळा डावीकडे आहे."

"सोडवायचं म्हणजे पुढचे बोल्ट ढिले करायला हवेत," ऑब्री म्हणाले, "आणि ते सीट मागे गेल्याशिवाय दिसणार नाहीत. काहीतरी राहिलंय, गॅरेथ."

"काही राहिलेलं नाही."

त्यांना तिथेच सोडून मी मॉमला बोलवायला मागच्या बागेत गेले. ती गुडघ्यांवर बसून बीटाच्या वाफ्यातलं तण काढत होती. वाफ्याच्या टोकाला नावाची पट्टी खोचलेली, 'बीट'. शेजारी 'कांदा'. पुढे 'घेवडा'. लाकडी पट्ट्या, चपट्या, जुन्या. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला एक भोक.

मी 'बीट' उपटली. मातीतल्या टोकालाही भोक होतं.

"मॉम, या कुठून आणल्यास?"

"गॅरेजमधून. तुझ्या डॅडनेच दिल्या. म्हणाला, कचरा आहे, ने."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात. का गं?"

दोन भोकांमधलं हेच अंतर मी सकाळपासून सीटच्या रुळांवर बघत होते. ही पट्टी रुळाच्या खाली जाते. गालिचा आणि रूळ यांच्यामध्ये, म्हणजे रूळ वर राहतो आणि सीट सरकते. एमजी बनवणाऱ्यांनी विचार करून घातलेली मूळची लाकडं आमच्या बीटाची पाटी झाली होती.

पट्टी पाठीमागे धरली आणि मॉमला म्हटलं, "चल ना, जरा बसून बघ."

"मी? त्याला विचारलंस का?"

"त्याला उठायला वेळ लागेल. तोवर विचारते."

डॅडला ऑब्रींनी काखेत हात घालून बाहेर काढलं. मॉमने चिखलाचे बूट दारात सोडले, मोज्यांवर आली आणि आत बसली. स्वतः शिवलेल्या कातड्यावर पहिल्यांदाच. ती डॅडपेक्षा वीतभर बुटकी, तिची पाठ नीट सीटला टेकली. हात स्टिअरिंगवर गेले, कोपरं आरामात वाकली. डावा पाय उचलला आणि क्लच तळापर्यंत दाबला, सावकाश, झोपलेल्या मांजराला बाजूला सरकवावं तसा.

ऑब्री रिकाम्या कपात बघत बसले.

"छान बसता येतं," मॉम म्हणाली. स्टिअरिंगवरचे हात तिने काढले नाहीत.

"आजच्या दिवस बस," डॅड म्हणाला. "सोमवारी मी सगळं उघडतो. काहीतरी मार्ग काढतो."

"सीट पक्की आहे का?" मी ऑब्रींना विचारलं.

"पक्की म्हणजे, भूकंपातही हलायची नाही. तोच तर घोळ आहे."

मग मी पाठीमागची पट्टी पुढे आणली. डॅडने ती पाहिली. आधी भोकं पाहिली, मग मॉमच्या अक्षरातलं 'बीट' वाचलं. त्याचे कान गाडीच्या रंगाचे झाले. ऑब्रींनी चष्मा लावला, पट्टी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मूळची आहे."

"आण इकडे," डॅड म्हणाला. "मागचे बोल्ट सैल करून कशीतरी आत सारतो. तासाभराचं काम."

"नाही," मी म्हटलं. राजाच्या आवाजात नाही, माझ्याच. "डॅड, मॉम, ऐका दोघंही. ही पट्टी मी आता परत बीटात खोचणार आहे, आणि पुढच्या शनिवारपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. शुक्रवारी मी या गाडीतून जाणार आणि गाडी मॉम चालवणार. डॅड, तू मागून बसने ये."