दहातले नऊ आणि बटणांची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. काठाला टवका उडालाय, पण मोडीत जायला मी तयार नाही, मित्रांनो.

वहिनी म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्यांच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या वर्षी त्यांनी मला आपल्या लाँड्रीत आणलं. धुण्यात तुटलेली बटणं माझ्या पोटात पडत. कुणाचं बटण हरवलं की वहिनी मला पालथी घालून त्याच्या जोडीचं शोधून देत. तेव्हा माझं फार कौतुक होई.

नवरा गेल्यावर वहिनींनी इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून घर ओढलं. मग त्यांच्या दिरांनी इस्त्रीचं यंत्र घेतलं आणि दारावर पाटी लावली, ‘यंत्राची इस्त्री. दहातले नऊ गिऱ्हाईक खूश.’

“वहिनी, आता तुम्ही आराम करा,” दीर म्हणाले. आराम म्हणजे टेबल निघणार, हे मलासुद्धा कळलं.

“पाटी खरी असेल तर आजच उठते, भाऊजी. खोटी असेल तर टेबल हलणार नाही.”

मला रिकामी करून पडद्याआड ठेवलं. यंत्राची इस्त्री घेऊन जाणाऱ्या वीस गिऱ्हाइकांनी एकेक बटण टाकलं, खूश असेल तर पांढरं, नाराज असेल तर काळं. चौदा पांढरी निघाली, सहा काळी.

“योगायोग,” दीर म्हणाले. “रोज बरोबर दोनच नाराज येतील असं कुठंय?”

“नाहीच. कमीजास्त व्हायचंच. पण इतकं? असा योगायोग किती वेळा येतो ते बघू या.”

पाटी खरी धरून वहिनींनी माझ्यात नव्वद पांढरी आणि दहा काळी बटणं घातली. न बघता एक काढायचं, परत टाकायचं, मला हलवायचं. असं वीसदा केलं की एक डाव. दिरांच्या पहिल्याच डावात सात काळी आली, पुढच्यात आठ.

“तुमची बरणीच माझ्या बाजूची निघाली की,” दीर हसले.

हा आळ मी सोसणार नव्हते. वहिनींनी मला टेबलावर ओतलं. “अहो, काळी सगळी कोटाची आहेत. एवढी मोठी बटणं हाताला आधी लागणारच.” मग त्यांनी शंभरही बटणं सदऱ्याची, एका मापाची घेतली आणि दहा शाईत बुडवली.

दुकानात गर्दी नसली की दीर स्वतः डाव काढत. शंभर डाव झाले. सहा किंवा जास्त काळी एकदाच आली.

“आली ना एकदा?” दीर पुटपुटले.

“आली. त्या एकाच्या भरवशावर मी टेबल सोडू?”

दिरांनी कान खाजवला आणि स्वतःच पाटी उतरवली. “आता पेंटरला काय लिहायला सांगू?”

“काही नको. आधी यंत्राची आच कमी करा, कॉलरी करपतात.”

आता मी वरच्या फळीवर धूळ खात असते. घरातली नवी सून मला भंगारात काढू म्हणते. काढून बघा म्हणावं. मित्रांनो, कुणी छातीठोकपणे ‘दहातले नऊ’ म्हणालं, तर मला पुसून खाली घ्या, एका मापाची बटणं भरा आणि त्यालाच हात घालायला सांगा.

वहिनी गेल्या वर्षी थंडी सरताना, एका सकाळी इस्त्री तापत असताना वारल्या. टेबल तिथंच आहे.