साबणाचं पाणी

पुण्याहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतली तेव्हा प्रीती मगरेच्या अंगात वारं शिरलं होतं. मंठा रस्त्यावरच्या महिला कारागृहातली साधी शिपाई ती. नेतृत्व आणि शाश्वतता असे दोन जडशीळ शब्द तिने तिथे ऐकले आणि बिचारीला ते मनापासून पटले. हवालदार शेवंताबाई फिदीफिदी हसली. म्हणाली, "पुण्याची कढी पुण्यालाच पिऊन यायची असती, पोरी. हितं दांडा लागतो."

शेवंताबाईच्या दांड्याने एका कैदिणीचे दात पाडले होते, दुसरीच्या पाठीची सालटी काढली होती. मारहाणीच्या दिवशी म्हणे तिला दोन भाकरी जास्त जायच्या. प्रीतीला मात्र त्या किंकाळ्यांनी घास उतरत नसे. म्हणून तिने हिय्या करून साहेबांना गाठलं आणि कैदिणींची बराक आपल्या ताब्यात मागितली. दांड्याशिवाय चालवून दाखवते म्हणाली. साहेब म्हणाले, "उन्हाळाभर चालव. पण एकदा जरी मारहाण झाल्याचं कानावर आलं, तर शेवंताबाई दांड्यासकट परत येईल आणि तू फाटकावर बसशील." ही अट बराकीतही सगळ्यांना कळली.

उन्हाळा जालन्याकडचा, टँकर एक दिवसाआड. प्रीतीने न्हाणीच्या फरशीपासून चर खणून घेतला आणि आंघोळीचं पाणी मेथी-पालकाच्या वाफ्यांत सोडलं. साबणाच्या पाण्याने वाफे जळतील, म्हणून साबण फक्त रविवारी, चराचं तोंड बुजवून. जबाबदारी वाटून द्या असं पुण्यात शिकवलं होतं, म्हणून पाण्यावर गिरिजाबाईला नेमलं. गिरिजाबाई पिंपळगाव रेणुकाईची, नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घालून जन्मठेपेला आलेली. बोलणं कमी, कामाला वाघीण, आणि प्रीतीने सांगितलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

महिनाभर खरंच गुण आला. ताटात हिरवी भाजी दिसू लागली, कुणावर हात उगारावा लागला नाही. पण एक गोष्ट प्रीतीच्या ध्यानात आली नव्हती आणि पुण्यात तिला ती कुणी सांगितलीही नव्हती. तारखेच्या दिवशी बाई साबणाने न्हाते. कोर्टाच्या आवारात लांबून का होईना, लेकरू दिसतं, आई दिसते. तिथे बराकीचा वास अंगावर घेऊन कुणाला जावंसं वाटेल?

त्या मंगळवारी साक्षी नावाच्या कैदिणीची तारीख होती. विशीतली पोर, तान्ही मुलगी सासूकडे ठेवून आत आलेली. ती साबणाची वडी घेऊन फरशीवर बसली.

"साबण ठिव," गिरिजाबाई म्हणाली. "आज रविवार न्हाई."

"माझी लेक येऊन राह्यलीय कोर्टात. आत आल्यापासून दुसऱ्यांदा बघणार तिला."

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमची पालक माझ्या लेकीपरीस मोठी का गं, नवरा खाल्लेले?"

गिरिजाबाईने वडी हिसकली. साक्षीने भरली बादली उचलून तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, रक्ताची चूळ फरशीवर पडली. मग काय, महिनाभर साबणावाचून खदखदणाऱ्या बायका तुटून पडल्या. कुणी साक्षीच्या बाजूने, कुणी गिरिजाबाईच्या, कुणी नुसत्याच जुन्या हिशोबाने. झिंज्या मुठीत आल्या. एकीने दुसरीचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. चरातून वाफ्याकडे लाल पाणी निघालं.

प्रीती धावत आली. "थांबा! आपण बसून बोलू!" ती ओरडली. लोखंडी मग भिरभिरत येऊन तिच्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं. ती साक्षीला आवरायला गेली, तर साक्षीने तिच्या दंडात दात रोवले आणि ती सोडेना. वाफ्याशी निखळलेल्या फावड्याचा दांडा पडला होता. प्रीतीच्या हाताला तो लागला.

पहिला फटका तिने सुटण्यासाठी मारला. दुसरा रागाने. त्यापुढचे कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. दांडा मांसावर बसतो तेव्हा हाताला जे कळतं ते तिला आवडलं, हे मात्र खरं. साक्षी कधीच खाली कोसळली होती, तरी ती मारतच होती. मध्येच दांडा धरायला एक हात आडवा आला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. तो हात गिरिजाबाईचा होता.

न सांगता बायका भिंतीला पाठ लावून रांगेत उभ्या राहिल्या, शेवंताबाईपुढे राहायच्या तशाच. कोर्टाची गाडी साक्षीला न घेताच निघून गेली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गिरिजाबाईचा लोंबणारा हात उचलून पाहिला. "कसं झालं?"

"न्हाणीवर घसरले," गिरिजाबाई लगेच म्हणाली.

प्रीतीचा जीव भांड्यात पडला.

"घसरून हाड असं मोडत नाही. भिऊ नका, खरं सांगा."

"मोडतं की. नवरा व्हता तवर धा वर्सं मी घसरूनच पडत व्हते. कवा हात, कवा बरगडी. डॉक्टर बराबर तसंच लिहीत व्हते."

तिने हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. नवऱ्यासाठी दहा वर्षं घोकलेलं वाक्य ही बाई आज आपल्यासाठी म्हणते आहे, आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटलं. प्रीतीला स्वतःची शिसारी आली.

"म्या मारलं," ती म्हणाली. "फावड्याच्या दांड्यानं. त्या सोडवायला आल्त्या."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. प्रीतीला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. आता गिरिजाबाईकडे बघता येईल.

तिने बघितलं. गिरिजाबाईच्या डोळ्यांत अंगार होता.

"झालं मन मोकळं? तुम्ही जाताल फाटकावर, सावलीत बसाल. उद्यापून शेवंताबाईच्या दांड्याखाली कोण जाईल? ती साक्षी जाईल. मी जाईन, ह्यो असा हात घिऊन." फाटक्या ओठातून पुन्हा रक्त आलं, ते तिने पुसलंही नाही. "तुम्हाला काय वाटलं, म्या तुमच्यासाठी खोटं बोलले? आमच्यासाठी बोलले, मॅडम."

प्रीती डॉक्टरीणबाईंकडे वळली. त्यांनी 'दांड्याने मारहाण' असं लिहायला सुरुवात केली होती.