सात वेळा चढलेली चढण

मंगलाबाई गेल्या त्याला अकरा दिवस झाले होते आणि इंटरनेटवर त्या अजून चढण चढत होत्या.

व्हिडिओ सुमेधाच्या क्राउडफंडिंगच्या पानावर होता. क्राउडफंडिंग म्हणजे वर्गणीच, फक्त पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचं नाही, असं ती इंदिरानगरातल्या मैत्रिणींना समजावायची. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या बावीस बायकांना नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बिस्किटांचा छोटा कारखाना काढायचा होता; मंगलाबाई त्यांच्यातल्याच. गुंतवणूकदार म्हणाले, आधी लोकांचा पाठिंबा दाखवा, मग उरलेले पैसे आम्ही घालू. पाठिंबा म्हणजे आठ लाख, रविवारपर्यंत. एक रुपया जरी कमी पडला तरी ज्याचे त्याला परत.

पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर नागलीची पाटी, आणि मंगलाबाई चढतायत. संपला की पुन्हा पहिल्यापासून. खाली लोक लिहीत होते, 'आजी, सलाम', 'आजींना भेटायला कधी येऊ?' आजी नाहीत हे सुमेधाने कुणाला सांगितलंच नव्हतं. वेबसाइटच्या ऑफिसातली पल्लवी फोनवर म्हणाली होती, "मॅडम, आकडा चढतोय तोवर हात लावू नका. संपल्यावर सांगा ना." सुमेधाला ते पटलं होतं. पटलं कसं, हे तिला आता कळत नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी मंगलाबाईंना तिने सात वेळा चढवलं. पहिल्यांदा ऊन कॅमेऱ्यात आलं, दुसऱ्यांदा शेळी. तिसऱ्यांदा बाई कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. मग पदर ढळला, मग कुणाचा तरी फोन वाजला. दर वेळी अर्ध्या चढणीवर थांबून त्या विचारायच्या, "आता बराबर आले का मी?" आणि सुमेधा म्हणायची, "छान! अजून एकदाच, मावशी." आठवड्याने त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय जुनंच अधू होतं. सुमेधाने ते वाक्य जपून ठेवलं होतं, पण उपयोग होत नव्हता. पोळी उलटताना, लिफ्टचं दार लागताना, भरदुपारी कपडे वाळत घालताना मागून कुणीतरी विचारायचं, आता बराबर आले का मी?

बुधवारी दुपारी दार वाजलं. मंगलाबाईंची लेक ललिता उभी होती. एसटीने आलेली, हातात पिशवी. पिशवीत नागलीचं पीठ. आई गेलेल्या घरून कुणी असं काही घेऊन येतं का? सुमेधाला कुठे बघावं कळेना.

"ताई, भांडायला नाय आले," ललिता पाणी पिऊन म्हणाली. "चुंबळ घरात खुंटीला हाय. पण पोरं मोबाईल उघडतात, तं आई चढतेच हाय. धाकटा इचारतो, आजी पाटी कधी उतरवील? काय सांगू? तिला उतरू द्या, ताई. कारखाना व्हायचा तं होईल."

"पाटी उतरवतानाचं चित्रण असेल काहीतरी," सुमेधा म्हणाली. "शोधू."

कॅमेरावाल्या अमितने सगळं मूळ चित्रण दिलेलं होतं. दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. सहा वेळा चढण, सहा वेळा सुमेधाचा आवाज, 'अजून एकदाच', आणि तिथेच चित्र तुटलेलं. ललिता दर वेळी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

सातव्या वेळी अमित कॅमेरा बंद करायला विसरला होता. पडद्यावर नुसती माती, एक भेगाळलेली टाच. मग पाटी खाली टेकल्याचा जड आवाज. लांब श्वास. आणि अगदी जवळून, "आता बराबर आले का मी?"

पाठोपाठ सुमेधाचा आवाज, "अमित, दाखव रे, कसं आलंय?"

उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

ललिताने डोळे पुसले. "हे लावा. उतरली बघा."

सुमेधाने तो तुकडा व्हिडिओच्या शेवटी जोडला, स्वतःच्या आवाजासकट. खाली लिहिलं: मंगलाबाई आता नाहीत. आम्ही त्यांना सात वेळा चढवलं. हे तुमच्यापासून लपवलं, ते माझं चुकलं. पंधरा मिनिटांत पल्लवीचा फोन आला. "मॅडम, हे काय केलंत? लोक पैसे परत मागतायत!"

"द्या त्यांना," सुमेधा म्हणाली आणि फोन ठेवला.

दोघींनी पान उघडलं. मंगलाबाई चढल्या. माती दिसली, टाच दिसली, पाटी टेकली, श्वास सुटला. क्षणभर पडदा काळा झाला, आणि व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून लागला. बाई चढणीच्या पायथ्याशी उभ्या, डोक्यावर पाटी.

"परत निघाली," ललिता पुटपुटली.

सुमेधाने अख्खा व्हिडिओच काढून टाकला. त्या जागी एक करडा चौकोन उरला. आकडा पावणेसात लाखांवर थांबला होता. आता त्याला वर चढायला कुणी नव्हतं.

"कारखान्याचं..." सुमेधाने सुरुवात केली.

"जातं हाय ना घरी," ललिता म्हणाली. "चला, पाचची गाडी हाय."

ती ललिताला सोडायला खाली आली. फाटकाशी वॉचमन मल्हारी स्टुलावर मोबाईल बघत बसला होता. जवळ जाताच दोघींची पावलं थबकली. मोबाईलमधून चढणीवरची पावलं वाजत होती, ओळखीची, संथ.

"या, मॅडम," मल्हारी खुशीत म्हणाला. "आमच्या ग्रुपवर आलाय. ही आजी लय भारी! सकाळपासून दहादा पाहिला. तुम्ही वळखता का?"

ललिता पुढे झाली.

"माझी आई हाय, दादा. दमलीया. जरा थांबवा."

मल्हारीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पावलांचा आवाज थांबला. तो उठला आणि मोबाईल त्याने स्टुलावर पालथा ठेवला, दोन्ही हातांनी, सावकाश.

"बरोबर आलात, मावशी," सुमेधा हलकेच म्हणाली.