दात असेतोवर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कोमुझ आहे. आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे फार निरखून पाहू नका. कडीवर ओरखडे आहेत, एका दांडीवर गंजाचे जुने डाग आहेत, आणि चारचौघांत बसलो की मला त्याची भारी लाज वाटते. तुमच्याकडे माझ्या एका भाऊबंदाला मोरचंग म्हणतात असं ऐकून आहे. तोही असाच, तळहातात मावेल एवढा. एक कडी, तिच्यापासून निघालेल्या दोन दांड्या आणि मधे पोलादाची पातळ जीभ. मला पुढच्या दातांना टेकवायचं, ओठ विलग ठेवायचे आणि बोटानं जीभ छेडायची. आवाज माझा असतो, पण त्याला सूर तोंडातून मिळतो. समोर दात नसतील तर मी नुसता वाकडा खिळा. माझी सगळी गोष्ट दातांचीच आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

तुमच्यापासून फार दूर, उत्तरेकडच्या डोंगराळ देशात, कोचकोरजवळच्या आमच्या गावात जोल्दोश नावाचा लोहार होता. घोड्याच्या जुन्या नालेतून त्यानं माझ्या दांड्या काढल्या आणि गवत कापायच्या मोडक्या पात्यातून जीभ काढली. मी तयार झालो तेव्हा त्याची मुलगी बुरमाकान हात पसरून उभीच होती. पण तिचे पुढचे दोन्ही दुधाचे दात पडलेले. जोल्दोश हसून म्हणाला, "आधी दात येऊ दे, मग देतो. बोळक्या तोंडानं काय वाजवणार गं तू?" बिचारी रोज आरशात हिरड्या बघायची. दात आल्यावर तिनं मला पहिल्यांदा तोंडाला लावलं, आणि त्या दिवसापासून मी तिचा झालो.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात घरातले सगळे मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर जायचे. बुरमाकान कोकरं राखायची आणि दगडावर बसून मला वाजवायची. तिला ओढ्याचं पाणी वाजवता यायचं, कोकिळा वाजवता यायची, दुडक्या चालीचा घोडा तर असा वाजायचा की तंबूतल्या बायका कोण पाहुणा आला म्हणून बाहेर डोकावायच्या. मोठी झाले की शहरात जाऊन शिकणार, लाल मखमली सदरा घालून रंगमंचावर वाजवणार, असं ती मला सांगायची. मला म्हणजे माझ्या आतच सांगायची. ओठ हलवून ती बोलायची आणि मी तिचे शब्द गुणगुणायचो. ते फक्त आम्हा दोघांना कळायचं.

मग तिचं लग्न झालं. नवऱ्याच्या, केनेशच्या घरी मी तिच्या पेटीतून गेलो, रजयांच्या घडीत बसून.

पहिल्याच आठवड्यात पाहुणे जमले होते. कुणीतरी म्हणालं, नवी नवरी वाजवते म्हणे, होऊ दे की! ती भोळी. तिनं मला काढलं आणि सगळ्यांसमोर वाजवायला लागली. दुडकी चाल जरा कुठं रंगात आली, तोच सासू सालियानं चहाचा वाडगा खाली ठेवला आणि एकच शब्द म्हणाली. "उयात!"

उयात म्हणजे लाज. आमच्याकडे हा शब्द मिठासारखा आहे, प्रत्येक ताटात चिमूटभर पडतोच. मुलानं मोठ्यांआधी हात घातला, उयात. बाई मोठ्यानं हसली, उयात. माणसं भुकेला नाहीत एवढी या शब्दाला भितात.

पाहुणे गेल्यावर सालिया सुनेला म्हणाली, "सासऱ्यांपुढे, त्यांच्या मोठ्या भावापुढे तोंड उघडून दात दाखवतेस? लोक म्हणतील, लोहारानं पोरीला वळणच लावलं नाही. बंद कर हे." आणि तिनं मला हातातून काढून घेतलं. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. वाजवता न येणारा माणूस मला काट्यासारखा चिमटीत धरतो. सालियानं मला कडीवर अंगठा देऊन, जीभ सांभाळून, अगदी धरायला हवं तसं धरलं होतं. क्षणभर धरलं, आणि पेटीच्या तळाशी टाकलं.

पेटीत किती वर्षं गेली ते मला माहीत नाही. अंधारात हिशेब राहत नाही. एकदा केनेश काहीतरी शोधायला पेटीत घुसला आणि मी त्याच्या हाताला लागलो. माणूस वाईट नाही हो तो, पण गोल दिसेल त्यात किल्ली अडकवायची त्याला खोड. गोठ्याची, कोठाराची आणि गवताच्या खोलीची किल्ली माझ्या कडीत गेली आणि मी किल्ल्यांचा जुडगा झालो. "जुडगा कुठंय?" "जुडगा आण गं!" माझं नाव कुणी घेईना. कुलपावर आपटून आपटून माझी जीभ वाकली. बुरमाकान मला कंबरेला बांधून गावभर फिरायची. कंबरेपासून तोंड ते काय हातभर अंतर, पण तेवढंही कधी संपलं नाही. जोल्दोश लेकीला भेटायला आला, त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो दुसरीकडे बघायला लागला. मित्रांनो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मुलं झाली, मोठी झाली, शहरात गेली. लेकरामागे एक दात जातो म्हणतात, तसं तिचंही झालं. पुढच्या दातांवर सोन्याच्या टोप्या बसल्या, त्यांच्या शेजारचा एक दात हलायला लागला. हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा किंवा डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओठांवर यायचं. ती पन्नाशी ओलांडून गेली. नातू झाला.

आता गुलकायरची गंमत ऐका. ही आमची शेजारीण, बुरमाकानपेक्षा थोडी लहान, म्हणून तिला एजे म्हणते, ताई. नवरा गेल्यावर ही बाई चाळिशीच्या शेवटी मोटार चालवायला शिकली आणि नारिन शहरापर्यंत भाड्याची गाडी हाकायला लागली. गावानं उयात उयात म्हणून घसा कोरडा केला आणि मग त्याच गाडीत बसून बाजाराला जायला लागलं! एकदा ती गवत मागायला आली. बुरमाकाननं जुडगा तिच्या हातात दिला, आणि गुलकायर किंचाळलीच.

"एजे! अगं हा तर कोमुझ आहे! ह्याच्यात किल्ल्या?"

"राहू दे गं. जुना आहे."

"जुना? तू पण जुनीच आहेस की, तुझ्यात अडकवू का किल्ल्या?" असं म्हणत तिनं एकेक किल्ली ओढून काढली. "वसंतातल्या नूरूझच्या सणाला आम्ही बायका गावच्या सांस्कृतिक भवनात वाजवणार आहोत. चौघी आहोत, लोखंडी कोमुझ वाजवणारं कुणी नाही. तू येतेस."

"वेडी झालीस? या दातांनी? सगळा गाव हसेल."

"हसू दे. त्यांचे दात दिसतील, तुझे दिसतील, फिटंफाट!"

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात आमचा सराव सुरू झाला. मित्रांनो, माझे हाल विचारू नका. जीभ वाकडी, अंगावर गंज. तिनं मला राखेनं घासलं, जीभ हळूहळू सरळ केली, दातांना लावलं, आणि माझ्यातून निघाला तो कर्रकर्र आवाज. गाईनं बादली लाथाडली. बुरमाकानच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्यामुळे. तरी ती रोज यायची, दूध काढून झालं की बसायची. हळूहळू ओढा परत आला. घोडा काही येईना, कारण त्याला जोर लागतो आणि जोर लावला की हलणारा दात ठणकायचा.

एकदा केनेश दारात येऊन उभा राहिला. "गोठ्यात काय गांधीलमाशी शिरलीय?" मग माझ्याकडे लक्ष गेलं तसा म्हणाला, "अगं, या वयात? नातू शाळेत जाईल आता. माझे मोठे काका समोर बसणार, त्यांच्यापुढे तू तोंड उघडणार? उयात गं."  बुरमाकाननं मला खिशात टाकलं आणि बरेच दिवस काढलं नाही.

मग ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. मी खिशात होतो, ऐकत होतो. डॉक्टरीण म्हणाली, हा दात काढावाच लागेल, लगतच्या टोप्याही टिकायच्या नाहीत. आजच काढू?  बुरमाकानचा हात खिशात आला आणि त्यानं मला घट्ट धरलं. "नूरूझनंतर काढा," ती म्हणाली. मला कळलं. वाजवायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

सणाच्या दिवशी सगळी म्हातारी माणसं पहिल्या रांगेत बसली होती. मधोमध उंच पांढरी टोपी घातलेले केनेशचे मोठे काका होते आणि त्यांच्या शेजारी सालिया, आता ऐंशीची, तोंडाचं बोळकं झालेली. बुरमाकान लाल मखमली सदरा घालून पुढे आली. गुलकायरनं तो शिवून घेतला होता. बाकीच्या चौघींनी सूर धरला. तिनं मला उचललं, समोर बघितलं, आणि काकांशी तिची नजरानजर झाली.

मग जे झालं ते आमच्याकडच्या सुनेच्याच हातून होऊ शकतं. एवढ्या वर्षांची सवय! तिनं झटकन हात छातीशी घेतले, सासऱ्यांना करतात तसा वाकून नमस्कार केला आणि रुमालाचं टोक ओढून तोंड झाकलं. रंगमंचावर! मी तिच्या मुठीत, तोंड रुमालात, सूर पुढे निघून गेलेला. मागच्या बाकांवर हशा पिकला. तिचा हात काही खाली येईना. घामानं मी निसटायला लागलो. तिची लाज माझ्यात उतरत होती, आणि मी एवढासा, मी काय करणार होतो?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर आपटली.

"सूनबाई!" सालिया ओरडली. "रुमाल सोड! दात दाखव!"

 काकांनी वळून पाहिलं तशी त्यांनाही म्हणाली, "तुम्ही पुढं बघा हो, माझ्याकडे काय बघताय?"

बुरमाकानचा हात खाली आला. तिनं मला सोन्याच्या दातांना लावलं, हलणाऱ्या दाताला लावलं, आणि ओढा सोडून सरळ घोडाच धरला. तो दुडक्या चालीनं निघाला तो थांबेचना. तिला दुखत होतं, मला कळत होतं, मी तिथंच तर होतो. तिनं जोर कमी केला नाही. संपलं तेव्हा मागच्या बाकांवरचे हसणारे उभे राहून टाळ्या पिटत होते, आणि केनेश सगळ्यात मोठ्यानं सांगत होता, "आमची आहे ती! आमच्या घरातली!"

परतताना गुलकायरच्या गाडीत सालिया आणि बुरमाकान मागे बसल्या होत्या.  मग सालियानं हात पुढे केला. "दे बघू."

तिनं मला धरलं, अंगठा कडीवर, जीभ सांभाळून. तोंडाला लावलं. बोटानं जीभ छेडली. हिरड्यांवर मी नुसता थरथरलो, फुस्स झालं. तुमच्याकडे मराठीत म्हण आहे ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तसं.

"अपा, तुम्हाला येत होतं?" बुरमाकाननं विचारलं. अपा म्हणजे आई.

"माझा लाकडाचा होता," म्हातारी म्हणाली. "माझ्या सासूनं चुलीत टाकला. मी बघत उभी होते. तुझा मी पेटीत टाकला. तेवढंच जमलं गं मला." मग तिनं रुमालाचं टोक ओढून बोळकं झाकलं आणि हळूच म्हणाली, "उयात." या वेळी तो शब्द तिनं स्वतःलाच दिला होता.

बुरमाकाननं तो रुमाल तिच्या तोंडावरून बाजूला केला.

मित्रांनो, आता बुरमाकानचा तो दात गेलाय. टोप्याही गेल्या. कवळी सैल बसते, म्हणून मी शेल्फावर असतो, पण पुसलेला असतो, आणि माझ्यात किल्ल्या नसतात. बुरमाकान आता गुलकायरच्या गाडीतून गावोगाव जाते आणि पोरीबाळींना शिकवते, त्यांच्या आयांनाही शिकवते. मला एवढंच मागायचंय. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू भलत्याच कामाला जुंपलेली असेल, तर ती उचला आणि आईला विचारा, आई, हे कुणाचं होतं गं? ती म्हणेल, राहू दे, जुनं आहे. तुम्ही राहू देऊ नका. तिच्या तोंडात दात आहेत, तोवरच विचारा.