करमुक्त गाडी

वडिलांची नजर अधू झाली आणि त्यांनी गाडीच्या किल्ल्या धाकट्या लेकीपुढे ठेवल्या. गाडी जुनी, पण त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. आता ही तुझी, म्हणाले. आईचा चेहराही खुलला. तिच्या गुडघ्याचे उपचार, बाजार, बँक, सगळ्याचीच सोय झाली होती.

धाकटी एका दंतवैद्यासाठी कवळ्या बनवायची. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कार्यशाळेनं तिला नोकरीला बोलावलं होतं. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं, पण घरात सांगायला जीभ रेटत नव्हती. मग तिनं कराचं निमित्त पुढे केलं. भेट दिली तरी कर बसतो, त्यापेक्षा सरळ विकून टाका, असं ती वडिलांच्या मागे लागली. वडील म्हणाले, आधी विचारून तर बघू.

परिवहन कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी कागद चाळले. परक्याला दिली असती तर कर होता, पोटच्या मुलीला दिली तर दमडीही नाही, म्हणाल्या. फक्त दोन वर्षं गाडी विकायची नाही आणि मुलीनं पत्ता बदलायचा नाही. नाहीतर कर दंडासकट वडिलांच्या डोक्यावर.

"नशीबवान आहात," बाई तिला म्हणाल्या.

वडिलांनी स्वतःचं पेन उघडून तिच्या हातात दिलं. मागे रांग खोळंबली होती. तिनं सही केली.

येताना ती चालवत होती आणि शेजारी वडील, पायाखाली काही नसताना, ब्रेक दाबत होते. सिग्नलला थांबल्यावर तिनं नोकरीचं एका दमात सांगून टाकलं.

वडिलांनी पाय मागे घेतला. "सहीच्या आधी बोलायचं होतंस."

"दंड मी भरते, बाबा."

"दंडाचं सोड गं. तुझ्या आईला कोण नेणार?"

मागच्यानं हॉर्न दिला, तिनं गिअर टाकला.

तिनं कार्यशाळेकडे मुदत मागितली. त्यांनी गोड बोलून दुसऱ्याला घेतलं.

आता ती काम अर्धवट टाकून आईला दवाखान्यात नेते. आई आत गेली की गाडीतच बसून राहते, काचा वर करून. कधीकधी इंजिन सुरू करते आणि पुन्हा बंद करते. परतताना आई दारातल्या नर्सला कौतुकानं सांगते, "लेकीची स्वतःची गाडी आहे हो." नर्स हसून तिच्याकडे बघते. तीही हसते, आणि खाली उतरून आईसाठी दार उघडते.