ढालीवरचा कर्णधार

आमच्या ह्यांच्या नावाने कॉलेज ढाल ठेवणार हे ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? हयातभर माणूस त्या मैदानावर पडलेला असायचा, निदान नाव तरी लागू दे तिथे. पण ढालीवर काय कोरलंय ते आमच्या मुलाने, अजितने, शनिवारी जेवताना वाचून दाखवलं आणि माझ्या घशात भाकरी अडकली.

"त्रिविक्रम हुक्केरीकर स्मृती ढाल. विद्यापीठ विजेत्या खो-खो संघाचे कर्णधार."

कर्णधार म्हणे! अहो, हा माणूस तीन वर्षांत एकदासुद्धा मैदानात उतरला नव्हता.

बेळगावच्या कॉलेजात शिकताना हे खो-खोच्या संघात होते, हे खरं. त्यांचा संघ विद्यापीठात पहिला आला, हेही खरं. पण संघ असतो बारा जणांचा आणि खेळतात नऊ. उरलेले तिघे राखीव, आणि त्या तिघांतले शेवटचे आमचे हे. खो-खोत तसे सगळेच बसतात, हे मैदानाबाहेर बसले. पाण्याची कळशी आणि बाकीच्यांची घड्याळं सांभाळत. त्यांनीच मला हे लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं, आणि मी इतकी हसले की सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

त्यानंतर एक्केचाळीस वर्षं मी तो विषय काही सोडला नाही. बसमध्ये ह्यांना जागा मिळाली नाही की म्हणायची, "बारावे ना तुम्ही, असंच होणार." पंगतीत वाढपी ह्यांच्यापर्यंत येता येता जिलबी संपली, तरी तेच. हे आपले मान खाली घालून गालात हसायचे. कधी उलटून बोलले नाहीत. माझी जीभ जरा तिखटच आहे, माझी आईसुद्धा म्हणायची.

मग अजितच्या डोक्यात हे कर्णधाराचं कुठून आलं? तर तिसरीत असताना त्याने शाळेत निबंध लिहिला. बाबा विजेत्या संघात होते, म्हणजे कर्णधारच असणार, एवढा त्याचा हिशोब. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन उड्या मारत सांगायला लागला. ह्यांनी तोंड उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि मिटलं. मला म्हणाले, मोठा झाला की सांगू. पोरगा मोठा झाला, व्हाइटफील्डला कंपनीत लागला, त्याच्या डोक्यावरचे केस कमी झाले, तरी सांगायचं राहूनच गेलं. आणि गेल्या वर्षी ते गेलेच.

तसं सांगण्यासारखं बाकी पुष्कळ होतं की. टेलिफोन खात्यात नोकरी लागली म्हणून आम्ही बेंगळुरूला आलो, बसवनगुडीत घर केलं. ऑफिस सुटलं की हे थेट जवळच्या, आता ढाल ठेवणाऱ्या कॉलेजच्या मैदानावर. मुलींचा खो-खोचा संघ होता, त्याला कोणी वाली नव्हता. ह्यांनी आपण होऊन अंगावर घेतला. पगार नाही, पत्र नाही, काही नाही. पोरी गदगच्या, रायचूरच्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. स्पर्धेच्या दिवशी पहाटे बाराजणी आमच्याकडे उपीट खायला यायच्या. मी कुरकुरायची आणि करायची. ह्यांना त्या अण्णा म्हणायच्या आणि मला अक्का. सत्तावीस वर्षं चाललं हे.

आणि गुरुवार. दर गुरुवारी पहाटे हे मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर जायचे. निपाणी, चिकोडीकडची माणसं रात्रीच्या बसने कॅन्सरच्या दवाखान्यात यायची. कुणाला कन्नड नीट येत नसे, कुणाला कुठली खिडकी ते कळत नसे. हे त्यांच्यासाठी रांगेत उभे राहायचे, चिठ्ठी काढायचे, डॉक्टरांचं बोलणं मराठीत समजावून सांगायचे. कधी कुणाला दोन दिवस घरी आणायचे. दवाखान्यातला शिपाई ओळखीचा झाला होता, मधे घ्यायला तयार असायचा. पण हे एका माणसाच्याही पुढे घुसायचे नाहीत. एवढं करून घराकडे दुर्लक्ष म्हणाल, तर तेही नाही. माझी आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती, तिची नखं हे स्वतः कापायचे. जावयाने सासूची नखं कापलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाहीत.

अशा माणसाच्या नावावर पितळेत खोटं कोरलेलं. मला राहवेना. भाकरीचा घास पाण्याबरोबर उतरवला आणि अजितला सगळं सांगून टाकलं.

तो आमटीत बोट घालून तसाच बसला. मग म्हणाला की ढाल तयार आहे, चिकपेटच्या दुकानातून आणून गाडीत ठेवली आहे, उद्या सकाळी फायनल आणि लगेच बक्षीस समारंभ. आता बदलायला वेळ नाही. आणि कुणाला कळणार आहे?

"महांतेशना," मी म्हटलं.

महांतेशांचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये सापडला म्हणून अजितनेच त्यांना बोलावलं होतं, बाबांचे संघातले मित्र म्हणून. ते हुबळीहून येणार होते, पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांचं काय, असं त्याने विचारलं.

"तेच कर्णधार होते," मी म्हटलं.

पोराचा चेहराच उतरला. चाळीस वर्षांचा बाप्या, पण मला तो निबंधाची वही घेऊन उड्या मारणारा दिसायला लागला. म्हणाला, "आई, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. सिद्धीने तिच्या शाळेत आजोबा कर्णधार होते म्हणून सांगितलंय. तू उद्या काही बोलू नकोस, प्लीज. मी महांतेशकाकांना बाजूला घेऊन माफी मागतो. लोकांसमोर बाबांचा पाणउतारा नको."

मी ताटं उचलली. खरं सांगायचं तर त्याचंही पटत होतं. नवऱ्याला घरात चिडवणं वेगळं आणि तो गेल्यावर दोनशे माणसांसमोर त्याला बाकावर बसवणं वेगळं. पण गप्प बसायचं, तर दरवर्षी ते खोटं कुणा पोरीच्या हातात जाणार. आणि ज्याचा मान आहे तो माणूस समोर बसून ते वाचणार. ह्यांना ते चाललं असतं का? मुळीच नाही. ते अंगठा दाखवून चालते झाले, आणि निस्तरायचं कुणी? मी.

सकाळी फायनल मस्त झाली. आमचा संघ हरला, पण एका गुणाने, त्यामुळे मान खाली घालण्यासारखं काही नव्हतं. महांतेश आले होते. याआधी दोनदा आमच्याकडे जेवून गेलेले, त्यामुळे लगेच ओळखलं. धिप्पाड माणूस, आता हातात काठी. टेबलावर ढाल ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला. अजित माझ्या शेजारी घामाघूम.

कॉलेजचे क्रीडाशिक्षक शिवकुमार सर. त्यांनी ह्यांच्याबद्दल फार चांगलं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की अशा थोर कर्णधाराच्या पत्नीने दोन शब्द बोलावेत. अजितने माझा पदर हळूच ओढला. मी तो सोडवून घेतला आणि उठले.

अर्धं कन्नड, अर्धं मराठी, जसं आमच्या घरी बोलतात तसंच बोलले मी. म्हटलं, ढालीवर चूक झाली आहे. मुलाचा दोष नाही, त्याला आम्ही कधी सांगितलं नाही. माझे यजमान कर्णधार नव्हते. ते बारावे होते. तीन वर्षं रोज सरावाला गेले आणि एकही सामना खेळले नाहीत. खरे कर्णधार समोर बसलेत, त्यांची मी माफी मागते. आणि म्हटलं, "पण मैदानाबाहेर बसणाऱ्याला काय वाटतं हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते आधी तुमच्यातल्या बाहेर बसलेल्या पोरींशी बोलायचे, मग जिंकलेल्यांशी."

एवढं म्हणून खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अजित जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, हेमलता, घालवलीस तू, नवऱ्याची अब्रू आणि पोराचीही.

तेवढ्यात महांतेश काठी टेकत उभे राहिले. माईकपर्यंत गेले नाहीत, त्या आवाजाला माईक लागतच नव्हता.

"वहिनी बोलल्या ते खरं आहे," ते म्हणाले. "पण अर्धंच."

मग त्यांनी सांगितलं. धारवाडला फायनल, शेवटचा डाव. त्यांच्या संघातल्या एकाचा पाय मुरगळला. महांतेशांनी ह्यांना सांगितलं, तू उतर. तीन वर्षांत पहिल्यांदा. हे उठले, नाडी घट्ट केली, कपाळाला माती लावली. आणि तसेच थांबले. दुसरा राखीव गडी होता देवाप्पा. त्याचा बाप रोज धारवाडच्या स्टँडवर शेंगा विकायचा, तो त्या दिवशी टोपली बाजूला ठेवून पोराला बघायला आला होता. हे म्हणाले, देवाप्पाला पाठव, त्याचे वडील आलेत. महांतेशांनी शिवी घातली, डोकं फिरलंय का म्हणाले. वेळ नव्हता. देवाप्पा उतरला आणि शेवटचा गडी त्यानेच मारला. त्या खेळावर पुढे तो पोलिसात लागला, त्याची तिन्ही भावंडं शिकली.

"रात्री मी त्रिविक्रमला विचारलं, वाईट नाही वाटत?" महांतेश म्हणाले. "तो म्हणाला, वाटतंय रे, लई वाटतंय. मग तोंडावर पांघरूण घेऊन झोपला. मी कर्णधार होतो, खरं आहे. पण त्या दिवशी संघ कुणी निवडला?"

आता टाळ्या पडल्या. पोरी शिट्ट्या वाजवायला लागल्या, शिवकुमार सरांनी दटावलं तरी ऐकेनात. अजित उठला, माईकपाशी गेला आणि ढाल पोटाशी धरून म्हणाला की आठवड्याभरात नवीन पट्टी बसवून आणतो, त्यावर 'राखीव खेळाडू' असं कोरून घेतो. त्याचा आवाज फाटला होता, पण मान सरळ होती. जिंकलेल्या संघाला त्या दिवसापुरती, जुनी पट्टी काढलेली ढाल दिली. त्यांनी तीही नाचवली.

मी मात्र जागच्या जागी बसून राहिले. एक्केचाळीस वर्षं मी ज्या गोष्टीवरून ह्यांना हसत होते ती मला अर्धीच माहीत होती. मला राग आला. खरंच आला. संसार केला की आपण, भातुकली नव्हे. माझ्यापासून कशासाठी लपवलं?

मैदानाच्या कडेला चहा-उपीट ठेवलं होतं. महांतेश बशी घेऊन खुर्चीवर टेकले तशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्ही दोनदा माझ्या हातचं जेवून गेलात, तेव्हा हे सांगायला काय झालं होतं? तुमच्यासमोर मी त्यांना बारावा बारावा म्हणून हसत होते, तुम्हीही हसलात.

महांतेशांनी बशी मांडीवर ठेवली.

"दोन्ही वेळा सांगणार होतो, वहिनी. त्यानेच हात धरला. दाराबाहेर आल्यावर म्हणाला, तिला सांगू नकोस. तिला कळलं तर ती चिडवायचं बंद करेल. दिवसभर राबते, तेवढीच एकदा पोट धरून हसते. राहू दे म्हणाला."

वर्षभर लोक भेटायला येत होते, मी त्यांना चहा देत होते, सगळं नीट चाललं होतं. आणि तिथे, त्या बारा पोरींसमोर, मी भडाभडा रडायला लागले. पोरी घाबरल्या. अजित धावत आला आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागला.

"काही नाही रे," मी म्हटलं. "तुझे बाबा फार लबाड होते."